शुगर नॉर्मल होती, अब्बा गेले

अब्बांच्या जनाज्याला आलेल्या जवळपास प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला. "पण शुगर तर कंट्रोलमध्ये होती ना?" मी मान हलवत होतो. होती. शेवटची तपासणी बारा दिवस आधीची. उपाशीपोटी ११८, जेवणानंतर १६४. तो कागद घरी आणून मी लाल पेनाने ११८ भोवती गोल केला होता आणि बाजूला उर्दूत 'शाबाश' लिहिलं होतं. वह्या तपासायची सवय, दुसरं काय!

त्याच कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात आणखी एक आकडा होता, १५६/९६. त्याला गोल नव्हता. चाळीसाव्यानंतर मी अब्बांची फाईल काढली आणि दहा वर्षांचे कागद तारखेप्रमाणे लावले. शुगरच्या प्रत्येक आकड्याला माझ्या हातचा गोल. ब्लड प्रेशर सलग चार भेटींत दीडशेच्या वर, त्याला एकही गोल नाही. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी डॉक्टरांनी दोनदा लिहून दिली होती, ती एकदाही केलेली नाही. आणि २०१६ पासून एक गोळी यादीतून गायब. ती गोळी मी बंद केली होती.

घरातला शिकलेला माणूस मी. बी.एड. झालेला, दोन भाषा शिकवणारा, औषधाच्या पाकिटावरचं बारीक इंग्रजी वाचू शकणारा. मोहल्ल्यात कुणाचा रिपोर्ट आला की माझ्याकडे येतो. त्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरत होता की कोलेस्टेरॉलच्या गोळीने शुगर वाढते, हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. मी अब्बांना म्हणालो, "तुमचं कोलेस्टेरॉल काही फार नाही. ही गोळी कशाला? उगाच शुगर वाढेल." अब्बांनी ऐकलं. ते माझं नेहमीच ऐकायचे. शुगरचा आकडा सुंदर राहावा म्हणून मी हृदयाची गोळी काढून घेतली. आज जो वाद घालायला बसलो आहे, तो आधी माझ्याशीच आहे.

या आजाराच्या नावांपासून सुरुवात करू, कारण भाषा हा माझा धंदा आहे. मराठीत मधुमेह, म्हणजे मधासारखी गोड लघवी. उर्दूत ज़ियाबेतस, तो मूळचा ग्रीक शब्द अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ आरपार वाहून जाणं, म्हणजे पुन्हा लघवीच. आणि घराघरात 'शुगर'. तिन्ही नावं लक्षणाची आहेत. एकाही नावात ना स्वादुपिंड आहे, ना रक्तवाहिनी, ना काळीज. त्यामुळे आपण लक्षणाशीच भांडतो. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, सदाफुलीची पानं, आणि रोज सकाळी बोट टोचून एक आकडा. आकडा कमी आला की अल्हम्दुलिल्लाह, जास्त आला की काल वलीम्यात फिरनी कुणी खाल्ली याची चौकशी.

प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात, ज्याला डॉक्टर टाइप २ म्हणतात, शुगर वाढणं हा गोष्टीचा शेवटचा भाग आहे. गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

ती मला माझ्याच वर्गावरून समजली. साठ मुलांचा वर्ग आहे. मास्तर साध्या आवाजात बोलतात, मुलं ऐकतात. मग हळूहळू मुलं दाद देईनाशी होतात. मास्तर आवाज चढवतात. वर्ग शांत होतो. बाहेरच्या व्हरांड्यातून हेडमास्तर जातात, त्यांना वाटतं वर्ग उत्तम चालला आहे. पण आतल्या मास्तरांचा घसा रोज सोलून निघतो आहे. अशी दहा वर्षं जातात. एक दिवस आवाज बसतो, आणि त्या दिवशी गोंधळ पहिल्यांदा व्हरांड्यात ऐकू येतो. हेडमास्तर म्हणतात, आजपासून वर्ग बिघडला!

मास्तरांचा आवाज म्हणजे इन्सुलिन. ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तयार करतात. दाद न देणारी मुलं म्हणजे आपले स्नायू, यकृत आणि चरबी. साखर आत घ्या, असा इन्सुलिनचा निरोप ते ऐकेनासे होतात. मग बीटा पेशी दुप्पट, तिप्पट इन्सुलिन सोडतात आणि रक्तातली साखर नॉर्मल ठेवतात. व्हरांड्यातून पाहणाऱ्या तुमच्या लॅबच्या रिपोर्टला सगळं ठीक दिसतं.

हे माझं खेळणं नाही. हॅरॉल्ड हिम्सवर्थ या इंग्रज डॉक्टरने १९३६ मध्येच दाखवलं होतं की मधुमेह एका प्रकारचा नसतो. काही रुग्णांना टोचलेलं इन्सुलिन लगेच लागू पडतं, काहींचं शरीर त्याला जुमानतच नाही. पण रक्तात इन्सुलिन नेमकं किती आहे हे मोजायची सोय तेव्हा नव्हती. ती न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. १९६० मध्ये त्यांनी मोजून दाखवलं की प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात सुरुवातीला इन्सुलिन कमी नसतं, उलट निरोगी माणसापेक्षा जास्त असतं. यॅलोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

पुढचा धक्का ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासाने दिला. १९७७ ते १९९१ या काळात तिथे नुकतंच निदान झालेले पाच हजारांवर रुग्ण नोंदवले आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. हिशेब असा निघाला की निदान झालं त्या दिवशीच बीटा पेशींचं काम सुमारे निम्म्यावर आलेलं होतं. ती उतरती रेघ मागे ओढत नेली तर घसरण निदानाच्या दहा-बारा वर्षं आधी सुरू झालेली असावी. आणि निदानानंतरही ती थांबत नव्हती. पथ्य असो, गोळ्या असोत, काही वर्षांनी औषध वाढवावंच लागत होतं.

अब्बांचं निदान २००८ सालचं, पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते ते, वय ५४. आम्ही म्हणायचो, अब्बांना २००८ ला शुगर झाली. खरं तर तोवर त्यांच्या स्वादुपिंडाची अर्धी नोकरी संपली होती.

या ओरडण्याच्या वर्षांत हृदयाचं काय होतं? शरीर इन्सुलिनला दाद देत नाही तेव्हा यकृत रक्तात जास्त चरबी सोडू लागतं. ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं म्हणतात ते एचडीएल घटतं, एलडीएलचे कण बारीक होतात आणि धमनीच्या भिंतीत सहज शिरतात. ब्लड प्रेशर चढतं. रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या सगळ्या गोष्टी एका माळेत ओवून दाखवल्या. माळेचा दोरा इन्सुलिनला दाद न देणं हाच. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना शुगर वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून कितीतरी लोकांना शुगर असल्याचं कळतं ते हृदयविकाराच्या झटक्यानंतर, अतिदक्षता विभागात.

१९९८ मध्ये फिनलंडमधला एक अभ्यास आला. सात वर्षं दोन गटांकडे पाहिलं. ज्यांना आधी एक झटका येऊन गेला होता पण मधुमेह नव्हता, त्यांच्यातल्या सुमारे १९ टक्के लोकांना पुन्हा झटका आला. ज्यांना मधुमेह होता पण आधी कधी झटका आलेला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण होतं सुमारे २० टक्के. पुढच्या काही अभ्यासांनी सांगितलं की प्रत्येक मधुमेहीला हे लागू होत नाही, वय आणि आजाराची वर्षं पाहावी लागतात. मान्य. तरी माझ्या मोहल्ल्याकडे पाहा. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाला आपण कसं जपतो! जिने चढू देत नाही, पिशवी उचलू देत नाही, त्याच्यासमोर वाईट बातमीसुद्धा सांगत नाही. आणि पंधरा वर्षांच्या मधुमेहीला म्हणतो, फक्त गोड सांभाळ.

आता सगळ्यात कडू भाग. आकडाच खाली आणला की हृदय वाचतं, हे खरं असतं तर माझा लाल गोल वाया गेला नसता. अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांवर मधुमेहींवर हेच करून पाहिलं. अर्ध्यांची शुगर औषधांचा मारा करून जवळपास निरोगी माणसाइतकी खाली आणायची, अर्ध्यांना नेहमीसारखं ठेवायचं. २००८ मध्ये तो प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला, कारण कडक गटात मृत्यू जास्त होत होते. २५७ विरुद्ध २०३.

याचा अर्थ शुगर सोडून द्या असा कुणी काढेल, म्हणून लगेच सांगतो. डोळे, किडनी, पायाच्या नसा यांच्यासाठी शुगर ताब्यात असणं फार महत्त्वाचं आहे, आणि ती सुरुवातीपासून ताब्यात ठेवली तर पुढे हृदयालाही फायदा होतो, हे त्या ब्रिटिश अभ्यासाच्या २००८ सालच्या पाठपुराव्यात दिसलं. पण एकट्या शुगरने भागत नाही. डेन्मार्कमध्ये फक्त १६० रुग्णांचा एक छोटा अभ्यास झाला. ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन जायला लागलं होतं असे ते रुग्ण. त्यांच्यातल्या एका गटात शुगर, ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल, चालणं, सिगारेट या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष दिलं. सुमारे आठ वर्षांत त्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताचं संकट निम्म्याने कमी झालं. नवीन जादू काही नव्हती. सगळ्या वह्या तपासल्या, एवढंच.

आणि माझी ती गोळी. २००४ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २,८३८ मधुमेहींवरच्या अभ्यासाचा निकाल आला. कुणालाही हृदयविकार नव्हता, कुणाचंही कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नव्हतं. अगदी अब्बांसारखे लोक. अर्ध्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची दहा मिलिग्रॅमची रोज एक गोळी दिली. झटके आणि पक्षाघात धरून मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेच्या दोन वर्षं आधीच थांबवला. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात एक कण खरा होता, स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते. अर्धवट खरं किती महागात पडतं! गोळी चालू असती तर अब्बा वाचलेच असते असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती बंद करण्याचा हक्क मला नव्हता, एवढं मी सांगू शकतो.

डिसेंबर २०१८. फजरच्या आधी अब्बा उठून बसले. छातीत दुखत नव्हतं. घाम आला होता, पोटात कसंतरी होत होतं. अम्मी म्हणाली गॅस आहे. खायचा सोडा, लिंबू, पाठीवरून हात. मी पण म्हणालो गॅस असेल, कारण छातीत दुखत नाही म्हणजे हृदय नाही असा माझा पक्का समज. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात. पायाला काटा टोचलेला कळत नाही, तसं हृदयाचं दुखणंही कधी कधी कळत नाही. नुसता घाम, धाप, मळमळ, कमालीचा थकवा. मधुमेहीच्या घरात ही चार लक्षणं एकदम आली तर सोड्याची बाटली शोधू नका, गाडी शोधा. आम्ही दोन तास घालवले. तालुक्याला ईसीजी काढला, तिथून जिल्ह्याला पाठवलं, आणि अब्बा रस्त्यातच गेले. वय ६४.

स्टाफरूममध्ये तेव्हा एका सहकाऱ्याने सांत्वन करता करता म्हटलं, "तुमच्या लोकांत बिर्याणी, मटण फार ना." त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण उत्तर दिलं पाहिजे. अब्बा सडपातळ होते, आणि मटण आमच्याकडे शुक्रवारी जमलं तर. हे कोडं पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उलगडलं आहे. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. हा तो बारीक पण चरबीवाला भारतीय. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या कामातून दिसलं की ही ठेवण आईच्या पोटातूनच येते. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला कमी, हाडामांसाने किरकोळ, पण चरबी राखून ठेवलेली. नाळेच्या रक्तातही इन्सुलिन जास्त. म्हणजे मास्तरांना पहिल्या दिवसापासून आवाज चढवावा लागतो. त्या खेड्यांत भाकरी खाणारे शेतकरी होते, बिर्याणीचा काय संबंध! आयसीएमआरने २०२३ मध्ये देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. एवढे मुसलमान मधुमेही असते तर मतदारयादीवरच चर्चा झाली असती. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ च्या आसपास, असं २००७ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय तुलनेत दिसलं. त्यात कुणी कुणाचं आडनाव विचारलं नव्हतं.

सहकाऱ्याला हे ऐकवलं म्हणून आपल्या लोकांना सोडणार नाही. सकाळी चहात बुडवून बेकरीचे तीन बटर, दुपारी मैद्याची रोटी, दुकानात बसून दिवसभरात सात कप गोड चहा, रात्री अकराला जेवण आणि लगेच झोप. तरुण पोरं पाचशे पावलांवरच्या मशिदीतही मोटरसायकलने येतात. बायकांना तर चालायला जागाच नाही. माझी खाला वीस वर्षं मधुमेही, उंबऱ्याबाहेर पडली की लोक काय म्हणतील म्हणून गच्चीवर फेऱ्या मारते. मधुमेह नसलेल्या बाईला पुरुषापेक्षा हृदयविकार उशिरा होतो. मधुमेह ही सवलत मोठ्या प्रमाणात काढून घेतो. आणि आपल्याकडे बाईला धाप लागली तर त्याला घबराट म्हणतात.

आता इन्सुलिनच्या भीतीकडे येतो. "सुईवर गेला" हे आपण ज्या आवाजात म्हणतो, त्याच आवाजात "आयसीयूत गेला" म्हणतो. खालाला डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं तेव्हा ती तीन महिने रडली. नंतर बाटली फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरण्यांमागे लपवायला लागली, कारण मुलीला बघायला पाहुणे येत होते. मास्तरांचा आवाज बसला आणि शाळेने माइक दिला तर मास्तर संपले असं कुणी म्हणतं का? बीटा पेशी थकल्या की बाहेरून इन्सुलिन द्यावं लागणं हा आजाराचा क्रम आहे, रुग्णाचा गुन्हा नाही. आणि आपल्याकडे अनेकांच्या बीटा पेशी लवकर थकतात. पुणे आणि चेन्नईच्या संशोधकांनी दाखवलं आहे की भारतीय रुग्णांत इन्सुलिनच कमी पडणाऱ्यांचा गट मोठा आहे. आपलं स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन तयार करतं हे सी-पेप्टाइड नावाच्या तपासणीत कळतं. ती प्रत्येकाला लागत नाही, पण गोळ्या वाढवूनही शुगर हलत नसेल आणि वजन उतरत असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारायला हरकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या हकिमांनी अलीकडे नवा मुद्दा काढला आहे. रक्तात इन्सुलिन जास्त असणं हृदयाला वाईट, मग टोचून कशाला घ्यायचं? शंका अगदीच मूर्खपणाची नाही, डॉक्टरांनाही ती होती. म्हणूनच साडेबारा हजार लोकांवर सहा वर्षांहून जास्त काळ अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये निकाल आला. इन्सुलिन घेणाऱ्यांत हृदयविकार वाढला नाही. कमीही झाला नाही, हेही सांगतो. इन्सुलिन शुगरचं काम करतं. ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉलचं काम वेगळ्या गोळ्यांना करावं लागतं. आता तर एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आहेत. हृदयविकार असलेल्या मधुमेहींत तिने हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केल्याचं २०१५ मध्ये दिसलं. कोणाला चालेल, कोणाला नाही, हे डॉक्टर ठरवतील. माझ्यासारखे बी.एड. नाही.

हरामचा प्रश्न एका वाक्यात मिटण्यासारखा आहे, पण मिटत नाही. एके काळी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं. १९८२ पासून सूक्ष्मजीवांकडून तयार करवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आहे, आपल्या औरंगाबादेतही ते बनतं. चाळीस वर्षं जुनी माहिती सांगून आजच्या रुग्णाची सुई सोडवणाऱ्याने त्याची जबाबदारीही घ्यावी.

रोज्याचंही तसंच. आजाऱ्याला सवलत खुद्द सूरह बकरात आहे. ज्याला अल्लाहने सूट दिली त्याला मोहल्ला सूट देत नाही. "इतकी वर्षं ठेवले, आता सुईमुळे सोडणार?" बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, तरी लोक मगरिबपर्यंत तपासत नाहीत. शुगर सत्तरच्या खाली गेली तर रोजा सोडायचा, हे डॉक्टर सांगतात आणि जाणते आलिमही सांगतात. रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन औषधाच्या वेळा बदलून घ्याव्यात. आपण जातो ईदनंतर, शीरखुर्मा पचल्यावर. आणि कुणी गेलं की, "वक्त आला होता." वक्त अल्लाहच्या हातात आहे हे मीही मानतो. पण उंट आधी बांधायला सांगितलं आहे, हेही आपणच मुलांना मकतबमध्ये शिकवतो.

माझं निदान चार वर्षांपूर्वी झालं. वय ४२, अब्बांच्या आधी बारा वर्षं. फाईलमध्ये आता चार रकाने आखले आहेत: तीन महिन्यांची शुगर, ब्लड प्रेशर, एलडीएल, लघवीतलं अल्ब्युमिन. लाल पेन वापरत नाही. रात्रीची ती गोळी अम्मी स्वतः हातावर ठेवते, काही बोलत नाही.

गेल्या वर्षी मोहल्ल्यात मोफत मधुमेह शिबिर झालं. दोनशे जणांची बोटं टोचली, फोटो काढले, पेपरात बातमी आली. ब्लड प्रेशरचं मशीन होतं, त्यात सेल नव्हते. ज्यांची शुगर नॉर्मल निघाली ते हसत घरी गेले. त्यांच्यात किती जणांचे मास्तर आत ओरडत होते कोण जाणे. यंदा कमिटीच्या बैठकीत मी म्हणालो, ब्लड प्रेशर आणि कंबर सगळ्यांची मोजू, आणि ज्यांना आधीच शुगर आहे त्यांचं कोलेस्टेरॉल आणि लघवी तपासू. एक जण म्हणाला, "सर, पैसे कुठून येणार?" मागच्या बॅनरचं आणि स्टेजचं बिल माझ्याकडे होतं, तेच पुढे केलं. थोडी वादावादी झाली. मग लॅबवाल्याने निम्म्या दरात करायचं कबूल केलं.

आतापर्यंत ३७ नावं आली आहेत, त्यात बायका फक्त नऊ. बायकांसाठी मदरशाची मागची खोली ठेवली आहे आणि नमुने घ्यायला लॅबमधली मुलगी येणार आहे. रविवारी सकाळी साडेसातला. रात्री दहानंतर काही खाऊ नका, पाणी चालेल. शुगरची गोळी आणि इन्सुलिन सकाळी नाश्त्याच्या वेळीच घ्या, उपाशीपोटी नको. जुनी फाईल असेल तर सोबत आणा, सगळे कागद.